मीटर आणि वही

सेकंडहँड गाडी बघायला गेलं की लोक आधी बॉनेट उघडतात. मी खाली वाकून पेडलांची रबरं बघतो. ही खोड मला मागच्या उन्हाळ्यात लागली, इंदूरच्या बायपासलगतच्या एका गाडीबाजारात. २०१४ची पांढरी फोक्सवॅगन पोलो जीटी टीडीआय, म्हणजे जोरदार डिझेल इंजिनाची पोलो, मीटरवर ६८ हजार किलोमीटर, आणि क्लचच्या पेडलाचं रबर एका कडेला इतकं घासलेलं की आतलं लोखंड चमकत होतं. स्टिअरिंगला मात्र कोरं करकरीत कव्हर.

"भिया, एक नंबर गाडी है, डॉक्टर साब की थी," दुकानदार म्हणाला. इंदुरात विकायला निघालेली प्रत्येक गाडी डॉक्टर साहेबांचीच असते, आणि हे सगळे डॉक्टर फक्त रविवारी गाडी काढतात. ड्रायव्हरचं दार पूर्ण उघडलं तर चौकटीवर ऑइल बदलल्याचा स्टिकर, नखाने अर्धवट खरवडलेला. तारीख गेली होती, पण पुढची सर्व्हिस किती किलोमीटरवर तो आकडा खरवडायचा राहून गेला होता: १,३५,०००. म्हणजे मीटर मागे फिरवलेलं. मी त्या आकड्यावर बोट ठेवलं. तो जरासुद्धा ओशाळला नाही. "वो किसी दूसरी गाडी का चिपक गया होगा."

त्याच संध्याकाळी ठरवलं की आपण लाखाच्या वर चाललेलीच गाडी शोधायची, आणि तसं उघड सांगणाऱ्या माणसाकडूनच घ्यायची. दहा वर्षांची डिझेल गाडी ६८ हजार चालली आहे असं कुणी म्हणालं, तर मला दोन गोष्टी तपासाव्या लागतात, गाडी आणि माणूस. दीड लाख म्हणाला तर नुसती गाडी.

पण मुळात ही गाडी कशाला, हा प्रश्न घरात रोज निघत होता. आम्ही लोकमान्य नगरात राहतो, माझी नोकरी पीथमपूरला. जाऊन येऊन साठेक किलोमीटर, म्हणजे महिन्याला दीड हजार तर नुसते नोकरीचे. डिझेल परवडतं, एवढं बाबांना मान्य होतं. त्यांचं म्हणणं एवढंच की चार लाखांत चांगल्यापैकी वॅगन आर येते, सीएनजीची, मग ही छोटी, मागे पाय न मावणारी, वर स्पेअर महाग असलेली गाडी कशाला? यावर माझ्याकडे शहाण्यासारखं उत्तर नव्हतं. उत्तर होतं ते असं: २०१३ साली ही जीटी टीडीआय पहिल्यांदा आली, १६०० सीसीच्या इंजिनाची, तेव्हा कंपनीतल्या एका साहेबांनी मला शेजारी बसवून राऊहून पीथमपूरला नेलं होतं. पुढे त्याच गाडीत १५०० सीसीचं इंजिन आलं. ताकद तीच, १०५ पीएस, आणि टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, २५० न्यूटन मीटर, तोही दीड हजार आरपीएमपासून, इंजिन हळू फिरत असतानाच. रस्त्यावर याचा अर्थ असा की ट्रकच्या मागे अडकून गाडी मंदावली, जागा मिळाली, पाय दाबला, की गियर न बदलता पाठ सीटला टेकते. त्या वेळी माझा पगार बघता ही गाडी दुकानाच्या काचेतूनच बघायची होती. मग एप्रिल २०२० मध्ये बीएस-६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम आले आणि डिझेल पोलो बंद झाली. २०२२ मध्ये तर आपल्याकडे पोलोच बनायची थांबली. म्हणजे आता नवी घ्यायची म्हटलं तरी मिळणार नाही. जुनीच घ्यायची, आणि जुनी म्हणजे चाललेलीच.

बजेट चार लाख. त्यातले साठ हजार आधीच बाजूला काढले, गाडीला हात लावायचा म्हणून. ही अक्कल मला उस्तादांनी दिली. उस्ताद म्हणजे आमचे मिस्त्री, नवलख्याजवळ त्यांचं दोन गाड्यांपुरतं गॅरेज आहे. "चार की गाडी मत लो, तीन चालीस की लो," एवढंच बोलून ते परत गाडीखाली गेले.

पुढचे दीड महिने रविवार गेले ते गाड्या बघण्यात. बहुतेक सांगण्यासारख्या नाहीत. एका गाडीचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला तर आतल्या टोकाला चिखलाची रेघ, म्हणजे गाडी पाण्यात बुडालेली. एकीचं इंजिन मी पोचायच्या आधीच तापवून ठेवलेलं होतं. "आपके लिए चालू करके रखी, एसी चला दिया" असं म्हणतात, आणि थंड इंजिन सुरू होताना काय आवाज करतं ते लपतं. आता मी फोनवरच सांगतो, मी येईपर्यंत सेल्फ मारू नका, बॉनेटला हात लावून बघणार आहे.

दिल्लीच्या गाड्यांचा मोह वेगळाच. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यामुळे दहाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरच्या गाड्या तेव्हा स्वस्तात इकडे येत होत्या. एक लाल जीटी मला अडीच लाखाला मिळत होती आणि रात्रभर झोप आली नाही. सकाळी हिशेब मांडला: तिथली एनओसी, इथे नवा नंबर, मध्य प्रदेशचा टॅक्स परत भरायचा, आणि एजंटची वणवण. शिवाय चारशे कागदांतला एक कमी पडला तर गाडी दारात उभी आणि नाव दिल्लीच्या माणसाचं. उस्तादांना विचारलं तर म्हणाले, "सस्ती है तो दिल्ली ही छोड आओ." लाल रंग सोडायला मला आणखी दोन दिवस लागले.

मग देवासच्या काकांचा पत्ता लागला, बायकोच्या मावसबहिणीकडून. काका औषध कंपनीत होते, देवास-इंदूर-उज्जैन-शाजापूर हा त्यांचा पट्टा, नुकतेच निवृत्त झालेले. २०१६ची राखाडी जीटी टीडीआय, एकहाती. फोनवर त्यांचं पहिलंच वाक्य: "एक लाख सेहेचाळीस हजार चालली आहे हो, आधी सांगून ठेवतो. नंतर मीटर बघून परत जाल, तर तुमचं भाडं वाया जायचं."

सकाळी सहाच्या बसने देवास गाठलं. काकांनी सांगितल्याप्रमाणे गाडी रात्रीपासून हलवली नव्हती, काचांवर धूळ तशीच. बॉनेट गार. चहा घेऊनच गाडी बघायची असा काकूंचा दंडक निघाला, तेव्हा पोहे झाले, चहा झाला आणि काकांनी दोन किल्ल्या टेबलावर ठेवल्या. एक घासून गुळगुळीत, दुसरी प्लास्टिकच्या पिशवीत जशीच्या तशी. "थोरली पाती, धाकटी पाती," ते म्हणाले. पवारांची दोन संस्थानं एका गावात नांदवणाऱ्या देवासकरालाच हा विनोद सुचावा.

किल्ल्यांबरोबर एक लाँगबुकही आलं. जाड पुठ्ठ्याचं, दोनशे पानी, कडा मळलेल्या. त्यात गाडी घेतल्या दिवसापासून प्रत्येक वेळी भरलेलं डिझेल लिहिलेलं: तारीख, मीटर, लिटर, रुपये, गाव. सर्व्हिसच्या नोंदी निळ्या शाईत, आणि काकांची स्वतःची टिपणं लाल शाईत, बारीक अक्षरात. "घेऊन जा, वाचा," ते म्हणाले. मी ते तिथेच भराभर चाळलं. मीटरचे आकडे वर्षागणिक सरळ चढत गेलेले, वर्षाला सतरा-अठरा हजार. कुठे खाडाखोड नाही. मला जे बघायचं होतं ते मी बघितलं आणि वही मिटली.

गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. सुरुवातीला जरा खडखडली, मग बसली. धूर नाही. ऑइल भरायचं झाकण चालू इंजिनावर सैल करून नुसतं ठेवलं तर ते थरथरलं, उडालं नाही, म्हणजे बॅक कॉम्प्रेशन मारत नव्हतं, सिलिंडरमधला दाब खाली गळत नव्हता. रस्त्यावर काढली. एबी रोड देवासहून इंदूरकडे सरळसोट आहे, गाडी ऐंशीला गुळगुळीत. पण चौथ्या गियरमध्ये खालून पाय दाबला तेव्हा ती ओढ, ज्यासाठी मी बारा वर्षं थांबलो होतो, ती आलीच नाही. गाडी चढत होती, पण दम लागल्यासारखी. वर एक बारीक शिट्टी. काका शेजारी बसून म्हणाले, "गेल्या हिवाळ्यापासून असं आहे. मला काय, मी साठच्या वर जात नाही."

आणखी एक गोष्ट मला जाणवली होती. क्लच फार वर पकडत होता, पेडल जवळपास पूर्ण सोडल्यावर. हे जाणवलं आणि मी ते मनात मागे सारलं. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर हेच मी ओरडून सांगितलं असतं. पण काकांच्या अंगणात ती राखाडी गाडी बघून माझं आधीच ठरलं होतं, आणि एकदा ठरलं की माणूस फक्त होकाराची कारणं गोळा करतो.

दोन दिवसांनी काकाच गाडी घेऊन उस्तादांकडे आले. उस्तादांनी स्कॅनर लावला. बिघाडाचा एकच कोड साठलेला होता: पी०२९९, म्हणजे टर्बोचं, इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं, प्रेशर हवं तेवढं तयार होत नाही. माझ्या पोटात गोळा, कारण टर्बो म्हटलं की लाखाच्या आसपासचे आकडे डोळ्यांपुढे नाचतात. उस्ताद मात्र खूश दिसले. त्यांनी गाडी रॅम्पवर चढवली, खालचं आवरण काढलं आणि मला हाक मारली. टर्बोकडून इंटरकूलरला, म्हणजे ती दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीला, जाणारा जाड रबरी पाइप, त्याच्या वळणाच्या खालच्या अंगाला ऑइलचा ओला, काळा, धूळ चिकटलेला पट्टा. पोराला त्यांनी रेस द्यायला सांगितलं आणि माझा हात धरून त्या पट्ट्याजवळ नेला. रेस वाढली तशी तळहाताला गरम हवेची सुई टोचल्यासारखी झाली. पाइपला बोटाच्या पेराएवढी चीर होती. ती आरामात असताना मिटलेली, दाब वाढला की उघडायची. टर्बोने कष्टाने दाबलेली हवा इंजिनात पोचायच्या आधी तिथूनच पळत होती, ती शिट्टीही तीच. टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून त्यांनी आतली दांडी चिमटीत धरून हलवली, खेळ नगण्य. "टर्बो जवान है, नली बुढ्ढी हो गई," निकाल लागला.

बाकीची यादी लांब होती, पण तिच्यात धक्का नव्हता. टायमिंग बेल्ट एकदा बदललेला, ८७ हजारांवर, वहीत नोंद होती. तरी उस्ताद म्हणाले की वर्षंही मोजायची असतात, मी हात लावतोय तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच जाईल. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात, मग पाइप आणि बेल्टचा हिशेब उरत नाही, इंजिनच उतरवावं लागतं. पुढच्या लोअर आर्मचे बुश गेलेले, खड्ड्यात गेलं की टकटक. टायर चारही कडक. बाजूला छापलेल्या चार आकड्यांवरून ते २०१९च्या एकविसाव्या आठवड्यातले निघाले, नक्षी अजून बरी दिसत असली तरी रबर मेलेलं. क्लचबद्दल उस्तादांनी तोंड वाकडं केलं: "चलेगा. कितना, ये मत पूछो." मी नाहीच विचारलं.

काकांची मागणी होती ३ लाख ९० हजार. मी कोड, पाइप, टायर, बेल्ट सगळं कागदावर लिहून नेलं होतं, पण काकांसमोर घासाघीस करायला जीभ वळेना. त्यांनीच कागद मागून घेतला, चष्मा लावून वाचला, खाली बेरीज केली आणि म्हणाले, "टायर मी वापरले, ते माझ्याकडे. बेल्ट तुम्ही वापरणार, तो तुमच्याकडे." ३ लाख ४५ हजारांवर आलो. पंचवीस हजार विसार दिला, पावती काकांनी वहीच्याच मागच्या पानावर लिहून फाडून दिली.

मला वाटलं आता आठवड्यात गाडी दारात. पण आरसीवर अजून बँकेचं नाव होतं. कर्ज २०२१ मध्येच फिटलेलं, बँकेने तेव्हा एनओसीही दिलेली, फक्त काकांनी ती आरटीओत लावली नव्हती. आता त्या कागदाची मुदत संपलेली. नवी एनओसी म्हणजे शाखेत अर्ज, शाखेतून विभागीय कचेरी, तिथून "सर सिस्टिममध्ये दिसतंय, पण प्रिंट उद्या." बावीस दिवस गेले. या बावीस दिवसांत काकांना दुसऱ्या एका माणसाने वीस हजार जास्त देऊ केले होते, हे मला काकूंकडून बरंच नंतर कळलं. कर्जाच्या गाडीचं बोलणं सुरू करताना पस्तीस नंबरचा, आरसीवरून बँकेचं नाव काढायचा फॉर्म लागला आहे का, हे आता मी किमतीच्याही आधी विचारतो. एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म, म्हणजे विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, ते एका बैठकीत भरून होतात.

विम्याचं मात्र वेळेत सुचलं. विमाही नावावर करून घ्यायला चौदा दिवस असतात. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून मिळायला पॉलिसीवर आपलं नाव लागतं. आणि क्लेम न केल्याची जी सूट काकांनी इतकी वर्षं साठवली होती ती त्यांचीच, ती गाडीबरोबर येत नाही. फरकाची रक्कम मला भरावी लागली. गाडीचा नंबर एमपी-४१च राहिला, राज्य तेच असल्याने. कॉलनीत अजून विचारतात, देवासहून पाहुणे आले आहेत का.

जूनच्या शेवटी गाडी उस्तादांकडून बाहेर आली. पाइप, बेल्टचा संच, लोअर आर्म, पुढचे ब्रेक पॅड, सगळी ऑइलं आणि फिल्टर, चार नवे टायर. बिल ५७ हजार. बाजूला काढलेल्या साठांतले तीन उरले आणि मी स्वतःला फार हुशार समजलो. त्या संध्याकाळी पीथमपूरच्या रस्त्याला, जिथे नॅट्रॅक्स या गाड्या तपासणाऱ्या केंद्राचा तो ११.३ किलोमीटरचा टेस्ट ट्रॅक कुंपणापलीकडे आहे, तिकडे उगाचच गेलो. तिसरा गियर, दीड हजार आरपीएम, पाय दाबला. पाठ सीटला टेकली. शिट्टी नाही. बारा वर्षांपूर्वी साहेबांच्या शेजारी बसलो होतो, तेव्हाही मी असाच मोठ्याने हसलो होतो बहुतेक.

श्रावणातल्या एका रविवारी आई-बाबा, बायको आणि मी महेश्वरला गेलो. घाटावर आईने अहिल्याबाईंच्या वाड्यापुढे नेहमीप्रमाणे चपला काढून नमस्कार केला, बायकोने साडी घेतली, बाबा वाटभर "मागे पाय मावत नाहीत" म्हणत होते, पण झोपलेही छान. परतीला मानपूरचा घाट. पावसाची झड, पुढे कंटेनरची रांग, गाडीत चौघे आणि एसी चालू. एका वळणावर जागा मिळाली, मी तिसऱ्यात पाय दाबला आणि आरपीएमचा काटा वर धावला, गाडी मात्र जागच्या जागी. काटा तीन हजार, वेग चाळीस. मग वास आला. ब्रेकच्या वासाहून तिखट, जळक्या नारळाच्या काथ्यासारखा. बाबा जागे झाले. "काय जळतंय रे?"

बाजूला घेतली. अर्धा तास पाऊस बघत बसलो. मग दुसऱ्या गियरमध्ये, हलक्या पायाने, कुणालाही ओव्हरटेक न करता घाट चढलो. महूपर्यंत एकही शब्द कुणी बोललं नाही, फक्त एकदा बाबा म्हणाले, "वॅगन आरलाही क्लच असतोच म्हणा." त्यांच्याकडून एवढी माया मला अपेक्षित नव्हती.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी, २४ हजार. उरलेले तीन हजार त्यात कधीच बुडाले. उस्तादांनी जुनी प्लेट माझ्या हातात दिली. तिच्यावरचं अस्तर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत गेलेलं, एका बाजूला निळसर करपलेलं.

त्या रात्री बिल लिहायला म्हणून काकांची वही काढली. मीही तीच पुढे चालवतो आहे, निळी शाई सर्व्हिसला. नोंद करायची जागा शोधताना पहिल्यांदाच मागची पानं सावकाश वाचली. काकांची लाल टिपणं डिझेलच्या आकड्यांच्या मधोमध दडलेली. "शाजापूरला खड्ड्यात बसली, डावीकडून आवाज." "काकूंना मागे झोप लागते, स्प्रिंग बरे आहेत." आणि त्याच वर्षीच्या मार्चमधली, देवासला मी वही भराभर चाळली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोरूनच गेलेली नोंद, १,४५,३१०, देवास, २८ लिटर. तिच्या शेजारी त्यांच्या त्या बारीक अक्षरात:

"क्लच फार वर आला. घाट टाळणे. जो घेईल त्याला वही देणे."